इंजिन गार झाल्यावरच

शिस्त हीच माणसाची खरी मुक्ती आहे. दाजींचं हे मत इतकं ठाम होतं की बागेतल्या पत्र्याच्या खोलीच्या दारावर त्यांनी ते पेंटरकडून रंगवून घेतलं होतं. त्याखाली नियम होते. पेट्रोल उघड्यावरच भरावे. इंजिन गार झाल्यावरच भरावे. खोलीत मोबाइल आणू नये. त्या रविवारी दुपारी दाजी याच दाराच्या आत अडकले होते, आणि मजकूर बाहेरच्या बाजूला असल्यामुळे त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

दाजी म्हणजे खरं तर एकट्या मेहुण्याचे दाजी. पण तो इतक्या मोठ्याने हाक मारायचा की सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली होती.

घडलं ते असं. गवत कापायच्या मशीनमधलं पेट्रोल अर्ध्या हिरवळीवर संपलं. नियमाप्रमाणे इंजिन निवेपर्यंत थांबणं आलं. पण जेवण झाल्यापासून मेहुणा बहिणीबरोबर ओट्यावर बसला होता, आणि मेहुणा हा प्राणी कुणाला सुखाने थांबू देत नाही.

“दाजी, अर्धीच दाढी केलीत की! न्हावी पळाला का?”

“इंजिन निवतंय.”

“निवू द्या, निवू द्या. तोवर कापलेलं परत उगवेल.”

बायको तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यावर दाजींचा धीर सुटला. बाहेर नियम मोडला असता तर मेहुण्याला दिसलं असतं, म्हणून त्यांनी मशीन ढकलत खोलीत नेलं आणि नियम आत मोडला. नरसाळं लावून कॅन तिरका केला, तोच वाऱ्याने दार धाडकन लागलं. दाजी दचकले. थोडं पेट्रोल टाकीत गेलं, बाकीचं फरशीवर.

पोरंसोरं आत शिरू नयेत म्हणून दाराला आपोआप लागणारं नवं कुलूप होतं. बाहेरून किल्लीने उघडायचं, आतून मुठीने. मूठ पुढच्या रविवारी बसायची होती.

पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली साचते. म्हणून खोली बांधणाऱ्याने जमिनीलगत दोन जाळ्या ठेवल्या होत्या. उंदीर येतात म्हणून दाजींनी त्या सिमेंटने बुजवल्या. घरात वास येतो अशी बायकोची कुरकुर होती, म्हणून दाराखालची फट रबराची पट्टी चिकटवून बंद केली. दाजींचं काम कसं अगदी पक्कं असायचं.

पेट्रोलचा ओघळ तापलेल्या मशीनकडे निघाला. कोपऱ्यात आग विझवायची वाळूची बादली होती. तिच्यात बायकोने पुदिना लावला होता. दाजींनी तो मुळांसकट ओघळावर उपडा केला आणि दार बडवलं.

“दाजी? लपाछपी खेळताय का?”

“दार लागलं. उघड.”

“किल्ली कुठंय?”

“खिशात.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

बाहेर मेहुणा खो खो हसत सुटला. “ताई, ये गं! बघ तरी!”

बायको आली. “अहो, आत काय करताय?”

“काही नाही.”

“मग काही नाही करायला आत कशाला गेलात?”

मेहुण्याचा ग्रिल बनवायचा कारखाना होता आणि अर्धा कारखाना कायम गाडीत असायचा. “थांबा,” तो म्हणाला, “ग्राइंडर आणतो. कुलूपच कापून टाकतो.”

दाजींनी दोन्ही हातांनी दार बडवलं. “ग्राइंडर नको! ठिणग्या उडतात.”

“उडणारच. ग्राइंडर आहे, पिचकारी नव्हे.”

“अरे, आत पेट्रोल आहे!”

“असू द्या की. कॅनमध्ये असेल, झाकण लावून. तुमच्या खोलीत दुसरं कसं असणार? दारावरच लिहिलंय.”

“त्यांच्या हातून थेंब सांडत नाही रे,” बायको म्हणाली. “जेवताना रोज ऐकते मी.”

दाजी गुडघ्यांवर बसून नखांनी रबराची पट्टी उचकटू लागले. भिंतीवर स्क्रूड्रायव्हर होता, पण लोखंडावर लोखंड घासायची हिंमत होईना. नखं तुटली, पट्टी हलली नाही. खाली वाफ दाट होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, डोकं गरगरत होतं. खरं सांगितलं तर दारावरचं एकेक अक्षर मेहुणा जन्मभर त्यांना वाचून दाखवणार होता. नाही सांगितलं तर जन्म फारसा उरत नव्हता. तरीही दाजी विचार करत होते, हे विशेष.

बाहेर ओट्यावरून वायर फरफटत आली.

“ताई, पिन लाव गं!”

“लावली!”

“थांब!” दाजी ओरडले. “सांडलंय!”

“काय?”

“पेट्रोल. सगळीकडे. मी आत भरत होतो.”

“आत?”

“गरम इंजिनमध्ये.”

“का पण, अहो?” बायकोचा आवाज बदलला होता.

“हा हसत होता म्हणून. तूही हसलीस.”

मेहुणा हसला नाही. दाजींना तेच सगळ्यात जड गेलं.

“पिन काढ, ताई. तू लांब हो,” तो हळू आवाजात म्हणाला. “दाजी, कशाला हात लावू नका. पट्टी मी इकडून ओढतो.”

बाहेरून त्याची बोटं फटीत शिरली. पट्टी चर्रकन निघाली आणि गवताचा वास असलेली हवा आत आली. दाजींनी तोंड फरशीला लावून ती घेतली आणि मग किल्ली बाहेर सरकवली.

दार उघडलं. मेहुण्याने त्यांना काखेत धरून बाहेर आणलं, दार सताड उघडं ठेवलं आणि सगळ्यांना लांब, न कापलेल्या गवतावर बसवलं. मग बायको उठून घरात गेली आणि फ्रिजमधलं पाणी घेऊन आली.

पाणी कोमट होतं. वीज केव्हाचीच गेलेली होती.