तीन दिवसांच्या सहा धारा

संयोगिताचा फोन आला तेव्हा बयाबाई म्हशीला धूत होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, आणि खिडकीत फोन बोंबलतोय. तिनं कसाबसा तो कानाला लावला.

"बये, महाबळेश्वर ठरलं! पाडवा झाला की आठवड्यानं. तीन दिवस. शाळेतल्या आपण आठीजणी. गाडी सांगितलीया, खोल्या सांगितल्यात. न्हाय म्हणायचं काम न्हाय."

संयोगिता जन्माची मास्तरीण. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी बोलणं वर्गात उभं राहिल्यासारखं. बयाबाईच्या डोळ्यांसमोर पेठ वडगावची शाळा आली. मागच्या बाजूला चिंचेचं झाड, त्याखाली दहावीच्या आठ पोरी, हातात मीठ-तिखट. भूगोलाच्या बाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं की महाबळेश्वरला चैत्रातसुद्धा सकाळी शाल लागते आणि शेतात लालभडक स्ट्रॉबेरी असते. स्ट्रॉबेरी आठीजणींपैकी एकीनंही बघितली नव्हती. टोमॅटोचाच काहीतरी प्रकार असावा, अशी बयाबाईची समजूत. पण तिथंच चिंचा खातखात ठरलं, की लग्नाआधी एकदा जायचं, सगळ्यांनी मिळून. ठरवायला काय लागतंय! दोन वर्षांत पाचजणींची लग्नं झाली.

"जमायचं न्हाय गं," बयाबाई म्हणाली. "धार कोण काढंल?"

"घाल चुलीत ती धार!" असं म्हणून संयोगितानं रागानं फोन ठेवला.

आता ही धार चुलीत का घालता येत नव्हती, ते सांगितलं पाहिजे. गंगावेशीकडच्या एका गल्लीत बयाबाईचं घर पुढं, गोठा बाजूला आणि समोर तालीम. गोठ्यात एकच म्हैस, सुंद्री. नाव सुंद्री आणि वागणं महाकजाग. बयाबाईच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दूध द्यायची नाही. मुलगा यशराज एकदा बसला, तर दुधाची चरवी रस्त्यावर आणि यशराज शेणात. सून अनुजा बँकेत नोकरीला, पण हौसेनं एका रविवारी बसली. सुंद्रीनं लाथ मारली नाही, नुसता पान्हा चोरला आणि शेपटीचा एक फटका अनुजाच्या गालावर दिला. इंजेक्शन द्या म्हणणारा एक शहाणा भेटला होता. त्याला बयाबाईनं खराटा घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत पोचवला.

त्यात इथलं गिऱ्हाईक! डोळ्यांदेखत काढलेलं दूधच घेणार. सकाळ-संध्याकाळ गोठ्यापुढं तांबे घेऊन माणसं उभी राहणार, धार बघणार, फेस बघणार, मग तांब्या पुढं करणार. आत दार लावून काढलेलं दूध अमृत असलं तरी त्यांच्या लेखी पाणीच. म्हणून धार बाहेर, उघड्यावर, रस्त्याच्या कडेला. चाळीस वर्षं तीच रीत.

आणि महाबळेश्वर? ते तर बयाबाईच्या पायाशी येऊन परत गेलं होतं.

लग्न झालं त्र्याऐंशी साली. पुढच्या चैत्रात कृष्णातनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, स्वतःहून विषय काढला. तो तेव्हा तालमीतला नामांकित गडी. छाती अशी, की सदऱ्याची वरची दोन बटणं कायम उघडी. "तुला महाबळेश्वर दावतो," म्हणाला. एसटीची तिकिटं काढली. तिनं दोन दिवस आधीच पिशवी भरून ठेवली. पण सासूच्या मनगटाला वात झालेला, धारेचं काम नव्या सुनेकडं आलेलं, आणि तेव्हाची म्हैस, सुंद्रीची खापरपणजीच म्हणा, सुनेच्या हाताला लागलेली. निघायच्या दिवशी पहाटे सासूनं बसून बघितलं. थेंब आला नाही. कृष्णात दारात पिशवी धरून उभा. दोस्त चौकात थांबलेले. तो म्हणाला, "तू ऱ्हा ह्या साली. पुढच्या साली जाऊ की." आणि गेला.

तीन दिवसांनी आला तो मधाची बाटली आणि एक फोटो घेऊन. कड्याच्या टोकावर चार पैलवान, कमरेवर हात, आणि मागं नुसतं आभाळ. फोटो भिंतीवर लागला. मग दर चैत्रात, जेवताना, कृष्णातची गोष्ट सुरू. तिथं म्हणे कड्यावरून टोपी खाली टाकली की वारा ती परत वर आणून देतो. तिथं म्हणे तळ्यात नाव चालते. बयाबाई भाकरी वाढत ऐकायची. सुरुवातीला कौतुकानं, मग सवयीनं. पुढच्या साली, पुढच्या साली करत पोरं झाली, सासू अंथरुणाला खिळली, म्हशी म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या रेड्या म्हशी झाल्या. त्या फोटोवरची धूळ दर दिवाळीला बयाबाईच पुसायची. तिनं एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. पण दुखलं होतं, खोल दुखलं होतं. मऊ बाई होती म्हणून गप्प राहिली असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. बोलली असती तर रडली असती, म्हणून गप्प राहिली.

तर, संयोगितानं फोन आपटला तेव्हा कृष्णात ओट्यावर पेपर वाचत होता. त्यानं सगळं ऐकलं. पेपराचं पान उलटलं. तालमीत पोरांवर ओरडला की आवाज गंगावेशीपर्यंत जायचा, घरात मात्र बोलायचं म्हटलं की बाबाच्या तोंडात गूळ.

दुसऱ्या दिवसापासून घरात चमत्कारिक गोष्टी व्हायला लागल्या. बयाबाईचं धारेचं एक जुनं हिरवं पातळ होतं. म्हशीच्या खाण्यातल्या आंबोणाचा, शेणाचा, दुधाचा वास त्यात मुरलेला. ते दुपारी जागेवर नसायचं आणि संध्याकाळी असायचं. कृष्णात दुपारचा झोपायचा सोडून गायब. एक दिवस कोपर सुजलेलं. विचारलं तर म्हणाला, "तालमीत पडलो." सदुसष्टाव्या वर्षी तालमीत काय दगड पडतोय हा माणूस?

चौथ्या दुपारी तिनं गोठ्याचं दार हळूच ढकललं, आणि बघते तर काय! सुंद्रीपुढं आंबोणाची पाटी, आणि शेजारी कृष्णात. अंगावर हिरवं पातळ, डोक्यावर पदर, आणि पदराखालून पांढऱ्या मिशा दोन्हीकडं बाहेर आलेल्या.

"आगं आई गं!" बयाबाई दाराला धरून खालीच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "अवो, हे काय सोंग?"

"गप. दचकंल ती," कृष्णात हळू आवाजात म्हणाला. मिशी हलली तशी बयाबाईला पुन्हा हसू फुटलं. "वासानं वळखती ती. एका जुन्या गवळ्यानं सांगितलंय. तीन दिवस म्हंजे सहा धारा. सहा न्हाय जमणार व्हय मला?"

बयाबाईचं हसू हळूहळू थांबलं. हा माणूस आपल्यासाठी हे करतोय, हे तिच्या ध्यानात आलं.

"आदी हात धुवा," ती एवढंच म्हणाली. "आणि सडाला जरा दूध लावा. कोरड्या हातानं वडलं तर लाथच मारंल की."

मग शिकवणी सुरू झाली. दुपारच्या वेळी, दार लावून, थोडं थोडं. ती दाराआडून सांगायची, तो करायचा. अंगठा आत घालू नका. कपाळ टेका तिच्या पोटाला. बोलत ऱ्हावा, काय पण बोला. कृष्णातला बोलायला काही सुचेना, तर तो सुंद्रीला कुस्तीचे डाव सांगायचा. पहिल्या दिवशी वाटीभर दूध. पाडव्याला तांब्याभर. त्या दिवशी बयाबाईनं त्याच्या ताटात श्रीखंडाचा आणखी एक डाव वाढला आणि संयोगिताला फोन केला, "गाडीत जागा हाय का अजून? नक्की न्हाय सांगत. पण धरून ठेव."

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. गोठ्यात दार लावून धार निघाली, बाहेर काय? गल्लीदेखत पातळ नेसून बसायचं? ज्याला बघून पोरं अजून उठून उभी राहतात, त्या वस्तादानं? बयाबाईनं दोनदा विषय काढला. "तीन दिवस गिऱ्हाइकं बंद ठेवू या. रेडकाला पाजू सगळं."

"चाळीस वर्सांचा रतीब. मोडायचा न्हाय," कृष्णात म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं.

निघायच्या आदला दिवस उजाडला. अनुजानं तिचा निळा स्वेटर बयाबाईच्या बॅगेत घातला. चकल्या झाल्या, गोळ्यांची डबी झाली. पण बयाबाईचं निम्मं मन अजून न जाण्याच्या तयारीत होतं. संध्याकाळची धार आपल्या डोळ्यांदेखत त्यानं काढून दाखवावी, मगच पाऊल उचलायचं, असं तिनं ठरवलं होतं. नाहीतर गाडी सातारला पोचायच्या आत जीव घाबरा व्हायचा.

सहाला गिऱ्हाइकं जमली. तालमीतली सहा-सात पोरं अंगाची माती पुसत तांबे घेऊन आली. शेजारची बाळाबाई पातेलं घेऊन आली. सुंद्रीला बाहेर बांधली होती. आणि घरातून कृष्णात आला. पायजम्यावरून हिरवं पातळ गुंडाळलेलं, डोक्यावर पदर, हातात चरवी.

पृथ्वीराज म्हणून तालमीतला तयारीचा मल्ल, त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "वस्ताद, हे काय?"

"धार काढालोय. दिसंना व्हय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मग बांधच फुटला. बाळाबाईनं तोंडात पदर कोंबला तरी तिचे खांदे गदगदत होते. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी शिट्टी मारली. बयाबाईच्या कानशिलांपर्यंत आग गेली. मेल्यांनो, चाळीस वर्षं ह्याच दारातलं दूध पिऊन दंड फुगवलेत ना, आणि आता दात काढता? ती तरातरा पुढं झाली. "ऱ्हाऊ द्या. उठा. मी काढतो. मला न्हाय जायाचं कुठं."

कृष्णातनं वळूनही बघितलं नाही. "मागं सर," तो म्हणाला. मग त्याचा तो तालमीतला आवाज निघाला, आणि गच्चीवरची शिट्टीसुद्धा बंद झाली. "हसा! पोटभर हसा! चौऱ्याऐंशी साली हे पातळ नेसाय पायजे हुतं मी. तवा हिला गोठ्यात सोडली आणि दोस्तांबरबर हुंदडून आलो. आणि वर बेचाळीस वर्सं हिलाच बसवून त्येच्या गोष्टी सांगितल्या. लाज वाटायची ती त्याची वाटती मला. ह्या पातळाची न्हाय."

पृथ्वीराजनं मान खाली घातली. बयाबाईनं कृष्णातच्या पाठीकडं बघितलं. म्हणजे ह्या माणसाला ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं.

कृष्णात बसला. कपाळ पोटाला टेकलं. चरवीत धार वाजली. एक, दोन, तीन. आणि थांबली.

सुंद्रीनं मान वर केली, नाक फेंदारलं आणि वळून बघितलं थेट बयाबाईकडं. रेकली. पान्हा चोरला तिनं. कृष्णातची बोटं हलत होती, थेंब येत नव्हता. आता सगळी गल्ली बयाबाईकडं बघायला लागली. तिला माहीत होतं, दोन पावलं पुढं जाऊन पाठीवर हात ठेवला की झालं. हात तर आपोआप निघालासुद्धा.

"बया," कृष्णात पोटाला कपाळ टेकूनच म्हणाला, हळू. "तू हितनं जा."

"अवो, पण दूध..."

"तू दिसतीयास तंवर ती मला देणार न्हाय. जा म्हंतो न्हवं. वळून बघू नगंस."

बयाबाई वळली. पाय उचलेनात, पण उचलले. पोरांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. तालीम मागं पडली, पिठाची गिरणी मागं पडली. मागून काहीच आवाज नाही. दहा पावलं, वीस पावलं. आता हा उठणार, चरवी रिकामी घेऊन आत जाणार, आणि आपली बॅग पुन्हा रिकामी करायची, असं तिच्या मनात आलं.

मग आवाज आला. चर्र. चर्र. आधी पातळ, भांड्याच्या बुडाला लागणारा. मग हळूहळू जाड, फेसात बुडालेला. तो आवाज तिला झोपेतही कळला असता. कोपऱ्यावर येऊन ती थांबली. बेचाळीस वर्षं ह्या घडीला तिचं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलेलं असायचं. संध्याकाळी सहाला ह्या कोपऱ्यावर ऊन कसं पडतं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिच्याविना तिकडं दूध निघत होतं. त्याचं तिला जरा वाईट वाटलं, आणि त्याहून पुष्कळ जास्त बरं वाटलं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून तिनं फोन काढला.

"संयोगिता," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "सकाळी येतो मी. आणि हे बघ, आत्ताच सांगून ठेवतो, खिडकी माझी हाय."