सातवी अट

कूपनच्या पुढच्या बाजूला वाफाळलेली ताटली होती आणि मागच्या बाजूला अकरा अटी. ताटली रस्त्यापलीकडून दिसावी एवढी मोठी. अटी मात्र मुंगीने पायाला शाई लावून चालत जावं, तशा.

ते आलं ताईच्या नव्या फ्रिजबरोबर. ताई म्हणजे कलमरावांची थोरली बहीण. तिने ते भावापुढे टाकलं.

"घे. एका जेवणावर एक जेवण मोफत. दोघांनी जायचंय. आता दुसरं माणूस तू शोध."

कलमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात बावीस वर्षं काढली की असं नाव पडतं. कुणाचं घर जळे, कुणाची गाडी ठोकली जाई, कुणाचं दुकान पाण्याखाली जाई, आणि कागद त्यांच्या टेबलावर येत. ते भिंग काढत, पॉलिसीची मागची बाजू वाचत, लागू पडणारं कलम शोधत आणि शिक्का मारत. शिक्के दोन होते. 'नामंजूर'चा दांडा हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. 'मंजूर'चा अजून दुकानातून आणल्यासारखा दिसे. कलमराव दुष्ट नव्हते. कागदावर असेल ते वाचत, एवढंच.

कूपनही त्यांनी तसंच वाचलं. सोमवार ते गुरुवार, दुपारी बारा ते तीन. एका टेबलावर दोनच व्यक्ती. पदार्थ मागवण्याआधी कूपनची कल्पना द्यावी. दोन पदार्थांपैकी समान किंवा कमी किमतीचा मोफत. मुदत चालू महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. सातवी अट त्यांनी दोनदा वाचली: 'कूपन ठिपक्यांच्या रेषेवर कर्मचाऱ्यानेच कापावे. सादर करतेवेळी मूळ भागापासून वेगळे असलेले कूपन ग्राह्य धरले जाणार नाही.' आणि त्या ठिपक्यांच्या रेषेच्या टोकाला कुणीतरी हौसेने एक चिमुकली कात्री छापली होती.

"अरे शहाण्या, अटी काय वाचत बसलास? माणूस बघ!" ताई म्हणाली.

"माणूस आहे."

ताईच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

माणूस म्हणजे रफूवाल्या बाई. लाँड्रीशेजारी, जिन्याखालच्या तिरप्या छताच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. एक दिवा, एक स्टूल, आणि भिंतीवर रंगारंगाने लावलेली दोऱ्यांची रिळं. मागच्या महिन्यात कलमरावांच्या कोटाचं कोपर कपाटाच्या खिळ्याला अडकून फाटलं. बाईंनी रफू करून दिलं. कलमराव कोट घेऊन घरी आले आणि सवयीने भिंग काढलं. खाडाखोड केलेली बिलं, मागाहून घातलेल्या तारखा, भलत्याच हाताच्या सह्या, त्या भिंगातून काही सुटत नसे. दोन संध्याकाळी त्यांनी ते कोपर तपासलं. भोक कुठे होतं ते सापडलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी, न जाणो, म्हणून दुसरं कोपर तपासलं. चौथ्या संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं, की आपण आता भोक शोधत नाही आहोत.

पण जिन्याखालच्या खोलीत जायला कारण लागतं, आणि कोट तर इतका चांगला झाला होता की कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कूपन घेऊन गेले.

"काय साहेब? उसवला कोट?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही. कोट उत्तम आहे. माझ्याकडे एक कूपन आहे."

"मग?"

"त्याला दोन माणसं लागतात. जेवणाचं आहे."

बाईंनी तोंडातला दोरा काढला. "हे बघा, कुणाच्या पैशाने मी जेवत नाही. एकदा जेवले, आणि बारा वर्षं ऐकून घेतलं. ते घर सोडलं तेव्हाच ठरवलं. मला काहीही रफू करता येतं, उपकार तेवढे रफू नाही करता येत."

"माझ्या पैशाने नाही. तुमची ताटली मोफत आहे. तिचे पैसे कोणीच देत नाही."

"कोणीच?"

"कोणीच."

बाईंनी सुई दिव्यापुढे धरून नेढं पाहिलं. "कोणीच देत नसेल तर माझी हरकत नाही. मंगळवारी दुकान बंद असतं."

मंगळवारी सकाळी ताईने भावाची कॉलर सरळ केली. "एक लक्षात ठेव. अटींबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मागच्या वेळी त्या शिक्षिकेला तू अर्धा तास भूकंपाचं कलम समजावत होतास."

"तिने विचारलं होतं."

"तिने 'तुमचं घर कसं आहे' असं विचारलं होतं! शब्द दे मला."

कलमरावांनी शब्द दिला.

हॉटेलात दुपारची गर्दी बेताची होती. वेटर वयस्कर होता, मिशा पांढऱ्या, खांद्यावर टॉवेल. कलमरावांनी बसण्याआधीच त्याला कूपन दाखवलं. "बिलाच्या वेळी द्या," तो म्हणाला. मग दोघांनी पदार्थांचं कार्ड बराच वेळ पाहिलं आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. भाजलेला मासा, बटाटे, सूप.

"दोघांचं सारखंच," बाई म्हणाल्या. "मग फुकट कोणाचं?"

कलमरावांच्या ओठांवर अट आली. त्यांनी ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. "तुमचं," ते म्हणाले.

सूप आलं. मासा आला. बाई छान बोलत होत्या. गळ्यात काळ्या नाडीला अडकवलेली छोटी कात्री दुकान बंद असलं तरी त्या काढत नसत. कूपन टेबलावरच होतं. बोलता बोलता त्यांनी ते हातात घेतलं, कापडाचा पोत बघावा तसं बोटांमध्ये चोळून बघितलं.

"माझ्या वडिलांनी मला सातव्या वर्षी कात्री दिली. म्हणायचे, पोरी, खुणेची रेघ दिसली की विचार करायचा नाही. विचार केला की हात थरथरतो, हात थरथरला की कापड वाकडं जातं. रेघ दिसली की..."

कर्र.

इतकं सुरेख कापलं गेलं होतं, की क्षणभर कलमरावांना सातवी अट आठवलीच नाही. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध कात्री गेली होती. अर्धा ठिपका इकडे, अर्धा तिकडे. मग अट आठवली.

"काय झालं? तुमचा चेहरा कच्च्या टाक्यासारखा झालाय."

"काही नाही."

"सांगा की."

"मी बहिणीला शब्द दिलाय."

"कसला?"

"अटींबद्दल न बोलण्याचा."

बाईंनी कूपनचा मोठा तुकडा उलटा केला आणि दिव्याकडे धरून एकेक अट वाचत गेल्या. सातवीपाशी थांबल्या. काटा खाली ठेवला.

"कर्मचाऱ्यानेच कापावे! मग मेल्यांनी ही कात्री कशाला छापली?"

"चित्र ग्राह्य नसतं. मजकूर ग्राह्य असतो."

"तुमच्या ऑफिसात हे आलं असतं तर?"

इथे खोटं बोलायला जागा होती. कलमरावांनी ती पाहिली आणि तशीच सोडली. "नामंजूर."

"चूक सवयीने झाली, मुद्दाम नाही, तरी?"

"त्यासाठी रकाना नाही."

बाईंनी माशाकडे पाहिलं. अर्धा उरला होता. "म्हणजे आता ही ताटली कोणाच्या तरी पैशाची झाली."

"मी..."

"तुम्ही नाही. हात माझा, कात्री माझी, ताटली माझी." त्यांनी पर्स उघडली. "पैसे ठेवते आणि निघते. तुम्ही सावकाश जेवा. मासा चांगला आहे."

कलमरावांनी दाराकडे पाहिलं. बाई त्या दारातून गेल्या की काय होईल, ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. कोट उत्तम होता. कूपन बाद होतं. जिन्याखालच्या खोलीत जायला जगात काही कारण उरलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी भिंग काढलं. बावीस वर्षं त्यांनी अटी एकाच कामासाठी वाचल्या होत्या: दार कुठे बंद होतं ते बघायला. सातवी अट त्यांनी आज पहिल्यांदा दाराबाहेर उभं राहून वाचली.

"बाई, बसा. आपण हे अजून सादर केलेलं नाही."

"मग?"

"अट म्हणते, सादर करतेवेळी वेगळे असलेले. आधी कधी वेगळं झालं होतं का, ते अट विचारत नाही." ते घसा खाकरले. "कागद रफू होतो का?"

"वेड लागलंय का तुम्हाला? कापडात धागे असतात, ते एकमेकांना धरून असतात. कागद कोणाला धरत नाही."

"पण होतो का?"

बाई उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, कडेला कड लावून पाहिली. "आजवर कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

पर्समधून केसासारखी सुई निघाली. पांढऱ्या रेशमाचा एकच पदर उकलून त्यांनी ओवला. कागद हलू नये म्हणून कलमरावांनी तो दोन्ही अंगठ्यांखाली धरायचा, एवढंच काम होतं. नखं पांढरी होईपर्यंत त्यांनी ते केलं. बाईंची सुई नेमकी ठिपक्यातून खाली जाई आणि पुढच्या ठिपक्यातून वर येई, आणि ओठांत काहीतरी गुणगुणणं चाले:

सुई गेली पुढे, दोरा मागे मागे,
फाटलं ते झोपे, शिवलं ते जागे.

मासा गार झाला. वेटर दोनदा आला आणि पावलांचा आवाज न करता परत गेला. तिसऱ्या वेळी तो मॅनेजरला घेऊन आला. तोवर बाईंनी दोरा दाताने तोडला होता.

"कूपन?" मॅनेजर म्हणाला.

कलमरावांनी दिलं. मॅनेजरने त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "याला काही झालंय का?"

त्याला दिसत नव्हतं. कलमराव गप्प राहू शकले असते.

"झालंय. बारा छप्पन्नला कापलं गेलं. एक वीसला शिवून झालं."

टेबलाखाली बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"मग बाद की हो!"

"सातवी अट वाचा. मोठ्याने."

मॅनेजरने वाचली. आजूबाजूच्या दोन टेबलांनीही ऐकली.

"आत्ता, सादर करतेवेळी, ते वेगळं आहे का?"

मॅनेजरने कूपन हलकेच ओढून पाहिलं. मग जरा जोरात. मग वेटरकडे दिलं.

"घट्ट आहे साहेब," वेटर म्हणाला. "माझ्या पँटचा खिसा इतका घट्ट नाही."

मॅनेजरने सुस्कारा सोडला. "ठीक आहे. मंजूर."

कलमरावांनी तो शब्द बावीस वर्षांत इतक्या जवळून ऐकला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कर्मचाऱ्यानेच कापायचं ना? हा घ्या कर्मचारी." वेटरने खिशातून स्वयंपाकघरातली कात्री काढली. तिच्या पात्याला कांद्याचं साल चिकटलं होतं. त्याने ती रेषेवर ठेवली. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"थांबा," कलमराव म्हणाले आणि त्यांनी कूपनवर हात ठेवला. "आम्ही दावा मागे घेतो."

"अहो, मंजूर झालाय!" मॅनेजर जवळजवळ ओरडला.

"हो. ऐकलं मी. फार आभारी आहे."

बाईंनी खिडकीकडून मान वळवली. कूपनवर ठेवलेल्या हाताकडे, कोटाच्या बाहीकडे त्या बघत राहिल्या. त्यांना कोपर कुठे फाटलं होतं ते माहीत होतं. "दोन बिलं करा," त्या वेटरला म्हणाल्या. "आपापलं."

कलमरावांनी विरोध केला नाही. एवढं त्यांना कळलं होतं.

बाहेर ऊन होतं. कूपन कोटाच्या आतल्या खिशात होतं. दोघं कोपऱ्यापर्यंत चालत आले.

"म्हणजे ते अजून चालतं?" बाईंनी विचारलं.

"तीस तारखेपर्यंत. सोमवार ते गुरुवार."

"मंगळवार त्यात येतो."

"येतो. असे तीन उरलेत."

"आणि दर वेळी कापायला निघाले की मागे घेणार?"

"घ्यावाच लागेल."

बाई कात्रीची नाडी सारखी करत थोडं चालल्या. मग थांबल्या. "आणि तीस तारखेनंतर आपण काय करायचं?"

कलमरावही थांबले. अकरा अटी त्यांना पाठ होत्या. तरी त्यांनी कूपन काढलं, भिंग काढलं, आणि पहिल्या अटीपासून अकराव्यापर्यंत सगळं पुन्हा वाचलं. लोक दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. बाई उभ्या राहिल्या.

"त्याबद्दल अटींमध्ये काहीच म्हटलेलं नाही," कलमराव म्हणाले.