चिंचेने घासलेला रोमन वाडगा

न्यू जर्सीतल्या त्या खेड्यातलं रोमन वस्तूंचं म्युझियम चालू राहणार की बंद होणार, हे आज युनिव्हर्सिटीतून आलेल्या ऋताच्या रिपोर्टवर ठरणार होतं. आणि म्युझियम सांभाळणाऱ्या, रिटायर्ड सर्जन राजारामकाकांच्या हातातला ब्राँझचा वाडगा लखलखत होता.

"पाहुणी येणार आणि भांडं हिरवंगार? चिंच लावली," त्यांच्या पत्नी लतिकाकाकू म्हणाल्या.

"अगं, दोन हजार वर्षांचा गंज होता तो!"

ऋताने भिंगातून वाडगा बराच वेळ न्याहाळला.

"काकू, किती वेळ घासलंत?"

"पाचच मिनिटं."

"मग टेन्शन घेऊ नका. खरा गंज इतक्यात निघत नाही. हा नुसता जुनं दिसावं म्हणून लावलेला रंग होता."

काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग त्यांची नजर कपाटातल्या उरलेल्या अकरा हिरव्या भांड्यांकडे गेली.

"चिंच आहे अजून," काकू म्हणाल्या.