दत्तक अस्वलाचं पत्र

संस्थेचं ऑफिस औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं आणि तिथं एक अलिखित नियम होता : दत्तक दिलेला प्राणी मरत नाही. जंगलात मरत असेल, तो त्याचा प्रश्न. ऑफिसात मरत नाही.

नियम साहेबांचा होता, आणि साहेब काही चोर नव्हते. राष्ट्रीय उद्यानाला वरून जे मिळतं त्यात कुंपणाची तारसुद्धा धड येत नाही, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी ही संस्था काढली. स्वतः कधी पगार घेतला नाही, पंधरा वर्षं एकाच कोटावर काढली. फक्त कारभार सगळा उंटावरून शेळ्या हाकण्यातला. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांचं पाऊल जंगलात पडलं नव्हतं. पूर्वी एकदा एक पाणमांजर मेलं, ते त्यांनी देणगीदारांना खरं खरं कळवलं होतं. लोक फार हळहळले, सांत्वनाची कार्डं आली, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या लोकांनी देणगी बंद केली. एकदा रडून मोकळा झालेला माणूस पुन्हा खिशात हात घालत नाही, हे साहेब तेव्हा शिकले.

पत्रं लिहायचं काम ताईकडे. प्रत्येक देणगीदाराला वर्षातून एकदा त्याच्या दत्तक प्राण्याचं पत्र जायचं, प्राण्याच्याच तोंडचं, खाली पंजाचा रबरी शिक्का आणि सोबत फोटो. ताईचा हात असा की वाचणाऱ्याला रानाचा वास यावा. आणि ती स्वतः तिथं जन्मात तीनदा गेली होती. तिची सगळ्यात गाजलेली पत्रं चांदणीची. चांदणी म्हणजे छातीवर पांढरा डाग असलेलं अस्वल, डावा कान अर्धा फाटलेला. जंगलातले राखणदार तिला कानतुटी म्हणायचे, पण कानतुटीला कोण देणगी देणार? पत्रकात ती चांदणी झाली.

चांदणी जाऊन चार वर्षं झाली होती. ही बातमी ताईला तिच्या सख्ख्या भावानंच दिली होती. दादा उद्यानाच्या वरच्या चौकीवर राखणदार होता, आणि ती एकच चौकी संस्थेच्या पैशावर चालायची. "कानतुटी गेली गं," एवढंच तो फोनवर म्हणाला. "अरेरे," ताई म्हणाली. पत्रांचा आठवडा होता, साडेतीनशे पाकिटं बंद करायची होती, तिनं पुढं काही विचारलं नाही. त्यानंतर चांदणीच्या पत्राला जुनेच फोटो लागायचे. ते जुने वाटू नयेत म्हणून ताई कॉम्प्युटरवर उलटे करायची, आरशात दिसतं तसे. डावीकडचं झाड उजवीकडे गेलं की झाला नवा फोटो.

यंदा देणग्या इतक्या आटल्या की महिनाअखेर वरची चौकी बंद करायची असं साहेबांनी ठरवलं. दादाला कळवायचं काम त्यांनी ताईवर सोपवलं आणि ताईनं ते आज-उद्या करत लांबवलं. तेवढ्यात सिस्टरचं पत्र आलं.

सिस्टर म्हणजे एक निवृत्त नर्स. मोठ्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं काढलेली, एकटीच राहणारी, अकरा वर्षं पेन्शनमधून चांदणीला पैसे पाठवणारी. आता तिला फार दिवस उरले नव्हते आणि ते तिनं पत्रात सरळ लिहिलं होतं. राहता फ्लॅट तिला संस्थेच्या नावे करायचा होता, तोही खास वरच्या चौकीसाठी, कारण चांदणी त्याच भागात असते. सोमवारी अकराला वकील येणार होते. चांदणीचं यंदाचं पत्र कोणी तरी घेऊन यावं आणि वाचून दाखवावं, एवढीच इच्छा होती.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "ताई, तुम्हीच जा," ते म्हणाले. "तुमच्या दादाची चौकी आहे."

सिस्टरची खोली हॉस्पिटलातल्यासारखी लख्ख होती. कॉट खिडकीला लावलेली, औषधांचा तक्ता स्वतःच्या अक्षरात, आणि समोरच्या भिंतीवर चांदणीचे दहा फोटो फ्रेम करून ओळीनं लावलेले. वकील खुर्चीवर मांडीवर बॅग घेऊन बसले होते. ताईनं पत्र वाचलं. यंदा बोरं गोड लागली, ओढ्याचं पाणी थंडगार आहे, म्हातारी झाले तरी झाडावर चढते अजून. सिस्टर डोळे मिटून ऐकत होती आणि लहान मुलासारखी हसत होती. वाचून झाल्यावर तिनं वकिलांकडं पेनासाठी हात केला, आणि दुसऱ्या हातानं नवा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"एक विचारू का गं?" ती म्हणाली. "हा कान. सातव्या फोटोपर्यंत डावा फाटलाय. आठव्यापासून उजवा. ऑपरेशनच्या आधी बाजू कुठली ते तीनतीनदा विचारायचं, जन्मभर हेच केलं मी, त्यामुळं नजर तिथंच जाते. मला वाटलं, दुसराही फाटला असेल. पण मग डावा बरा कसा झाला? कान काही परत उगवत नाही."

आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. परगावच्या बहिणीची तब्येत विचारावी तसं तिनं विचारलं होतं.

छपाईत उलटं झालं असेल, हे उत्तर ताईच्या जिभेच्या टोकावर होतं. ते फारसं खोटंही नव्हतं. तिचा हात दगडाखाली होता, एकीकडे दादाची चौकी, एकीकडे ही बाई. ताई तोंड उघडणार तोच सिस्टर म्हणाली, "तिला दुखत नाही ना गं फार?"

"सिस्टर, चांदणी नाही हो आता," ताई म्हणाली. "चार वर्षं झाली."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. सिस्टरनं हातातला फोटो चादरीवर ठेवला.

"कशानं गेली?"

"माहीत नाही."

"आणि पत्रं?"

"मीच लिहायचे."

"तू लिहायचीस, आणि कशानं गेली ते विचारलं नाहीस?"

ताईनं तिथूनच दादाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सिस्टरच्या उशाशी धरला. दादाला आधी काही कळेना. मग त्यानं सांगितलं. रानडुकरांसाठी कोणी तारेचा फास लावला होता, तो तिच्या कमरेत बसला. दोन दिवस तशीच होती. चौकीवरचा दुसरा माणूस संस्थेनं त्याच महिन्यात कमी केला होता, त्यामुळं त्या बाजूची गस्त एक दिवसाआड व्हायची. तो पोहोचला तेव्हा जीव होता तिच्यात. जनावरांचे डॉक्टर यायला संध्याकाळ झाली.

"तोवर तुम्ही काय केलंत?" सिस्टरनं विचारलं.

"बसलो होतो तिच्याजवळ. जरा लांब."

"पाणी दिलंत?"

"दिलं. बादली काठीनं पुढं सरकवली. थोडं प्यायली."

"बरं केलंत," सिस्टर म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले.

शेवटचे तीन फोटो तिनं ताईला भिंतीवरून काढायला लावले. मग वकिलांना म्हणाली, "कागद बदला. संस्थेला नाही द्यायचं. चौकीवरच्या माणसांच्या पगाराला थेट जाईल असं करा. ह्या दादांच्या, आणि त्या दुसऱ्याच्या. पत्र कुणाचंही नको." वकील म्हणाले, असं करायचं तर मसुदा नव्यानं लिहावा लागेल, गुरुवारी आणतो. सिस्टर ताईवर चिडली नाही. ताई निघाली तेव्हा तिच्याकडं बघितलंही नाही.

बुधवारी दुपारी सिस्टर गेली. फ्लॅट पुतण्याकडं गेला. फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते त्याला वकिलांना विचारावं लागलं.

साहेबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर ताईला बरं वाटलं असतं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मलाही कळतं, ताई," ते म्हणाले. "पण सही होईपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" सिस्टरला फसवून सही घेतली असती तर चौकी राहिली असती. खरं सांगितलं तर ना चौकी राहिली, ना सिस्टरच्या मनातली चांदणी. खरं बोलल्याचं पुण्य कुठं जमा होतं, कोण जाणे.

महिनाअखेर दादा खाली आला, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन, आणि वाटेत बहिणीकडं थांबला. चौदा वर्षांचा संसार तेवढ्यात मावला होता. वहिनीनं त्याच्यासाठी एका इमारतीच्या पार्किंगमध्ये वॉचमनची जागा बघून ठेवली होती. ताईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि समोर बसली.

"दादा, माझ्यामुळं झालं हे."

"साहेबांनी सांगितलं मला."

"रागावलायस?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. चौकीवर राहून राहून त्याला समोरच्या माणसापेक्षा लांबचं बघायची सवय झाली होती. "त्या बाईंनी पाणी दिलंत का म्हणून विचारलं," तो म्हणाला. "चार वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं."

ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थोपवायला तिनं आपलं काही तरी विचारलं, "आता वर कोण आहे?"

"कोणी नाही." दादानं चहावर फुंकर घातली. "जुना युनिफॉर्म बाहेर दोरीवर वाळत घालून आलोय. लांबून बघितलं तर फास लावणाऱ्यांना वाटेल, माणूस आहे. चार दिवस तरी. वारा सुटला नाही तर आठवडा."