गावी गेलेली माणसं

"ओठ घट्ट धर आणि एका दमात फुंक. बाजूनं वारा जाऊ देऊ नकोस," सिस्टर म्हणाली.

पोराने छाती भरून घेतली आणि नळीत फुंकर मारली. यंत्राचा काटा सरसर वर चढला आणि थरथरून थांबला. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मोजणीबाईने तो कागदावर उतरवून घेतला. नावाच्या रकान्यात तिने आपल्या नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. वय त्रेपन्न. काम, दगड फोडणे.

समोर उभा होता तो तिचा मुलगा. त्याला नुकतं एकविसावं लागलं होतं.

सिस्टरने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती शहरातून फक्त या तपासणीसाठी आलेली. बिल्ल्यावरचा क्रमांक आणि यादीतला क्रमांक जुळला की तिचं काम झालं. "पुढचा," ती म्हणाली. पुढचाही कुणाचा तरी पुतण्या होता आणि काकाच्या नावावर फुंकायला आला होता.

खाणीवर बिल्ला म्हणजेच माणूस. वर्षानुवर्षं दगड फोडल्यावर माणसाला पितळी बिल्ला मिळे, आणि बिल्ल्यावर वसाहतीत एक खोली. माणूस कामावरून सुटला किंवा मेला, की बिल्ला जमा आणि खोली खाली. म्हणून वसाहतीत खाणीचा माणूस मरत नसे. दगडाची धूळ छातीत बसली, जिना चढताना मधेच टेकावं लागलं, थुंकीत लाल दिसलं, की घरचे त्याला गावी नेऊन ठेवत. तो तिकडे मरे. इकडे त्याचा मुलगा, नाहीतर भाचा, तोच बिल्ला शर्टाला लावून खाणीत उतरे. मुकादमाला हे सगळं ठाऊक होतं. त्याला बिल्ल्यामागे दोन हात हवे होते. ते कुणाचे हे विचारत बसला असता तर खाण बंद पडली असती.

कुणी चौकशी केलीच, तर बायका सांगत, गावी गेलेत. शेताचा वाद निघालाय. घराचं छप्पर दुरुस्त करायचंय. सगळ्या एकच सांगत, आणि ऐकणारी मान हलवून विषय बदले.

मोजणीबाईचा नवरा या तपासणीच्या आधीच्या थंडीत गेला. वसाहतीत त्याला सगळे वकील म्हणत. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण वाद घालण्यात कुणाला ऐकायचा नाही. नळावर पाणी उशिरा आलं तरी त्याची बाजू तयार. त्याला गावी पोचवून, त्याचं सगळं करून ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोराच्या शर्टाला बिल्ला लावला. तेव्हापासून कुणी म्हणालं, "वकीलसाहेब काय म्हणतात?" तर ती म्हणे, "बरे आहेत. गावी भांडायला माणसं जास्त मिळतात."

अक्षरं ती उशिरा शिकली होती. पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या शेजारी बसून, पिठाच्या हाताने. ती अक्षरं आता कामाला आली. सरकारी आकडेवारीच्या कचेरीला वसाहतीत घरोघर जाऊन लिहून घेणारी बाई हवी होती. बाहेरचा माणूस आला की दारं लागत. तिला बघून दारं उघडत.

पाहणी कशासाठी होती हेही सगळ्यांना माहीत होतं. शहरातले लोक ओरडत होते, की हे बाहेरून आलेले खाणवाले आजार घेऊन येतात, आमच्या दवाखान्यातल्या खाटा अडवतात. वरून हुकूम आला, खरं काय ते मोजा. बाहेरून आलेली माणसं किती आजारी, शहरातली किती, कुठे किती मेली, सगळं समोरासमोर मांडा. हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांना वसाहत आकडेवाले साहेब म्हणे. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. दारात उभं राहून बोलायचा, आत या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

तक्ते तयार झाल्यावर साहेबांनी वसाहतीच्या मोकळ्या जागेत लोकांना बोलावलं. तुमच्यावर जो आळ होता तो खोटा ठरला, असं त्यांनी सांगितलं. इथल्या दगडफोड्यांची छाती शहरातल्या बसून काम करणाऱ्यांपेक्षा दणकट निघाली. पन्नाशी ओलांडलेल्यांची तर फारच. वर्षभरात वसाहतीत मरण पावली ती एक म्हातारी आणि एक तान्हं मूल, खाणीवरचा कुणीच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, धूळ खाऊन माणूस दगडासारखा होतो, आणि सगळे हसले. मोजणीबाईही हसली.

मग साहेबांनी उरलेलं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी कागदातून नजर वर काढली नाही. वसाहतीच्या तोंडाशी जो छातीचा दवाखाना होता, त्याची गरज इथे कमी दिसते. म्हणून तो शहरात हलवण्याचं ठरतंय. तक्ते वर गेले की महिन्याभरात हलेल.

त्या संध्याकाळी पोरगा कामावरून आला आणि दारातच बसला. बूट काढताना त्याने एक काढला, थोडा वेळ भिंतीला डोकं टेकलं, मग दुसरा काढला. मोजणीबाई हे पाहत उभी राहिली. वकीलही असाच एका बुटावर थांबायला लागला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून? दमलोय."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लवकर आलात म्हणाले. आता वाफ आणि औषध नेमाने घेतलं आणि दर आठवड्याला दाखवलं, तर आहे तिथे थांबवता येईल. पोराला हायसं वाटलं. शहरातला दवाखाना दोन बस बदलून होता आणि तिथे जायचं म्हणजे दिवसाचं काम बुडवायचं. दर आठवड्याला काम बुडवणाऱ्याला मुकादम ठेवणार नाही, हे मोजणीबाईला कुणी सांगायला नको होतं.

ती साहेबांच्या कचेरीत गेली. दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. कोण कुणाच्या नावावर फुंकलं, कोण गावी जाऊन परत आलं नाही, सगळं.

साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, तक्ता बघून त्यांनाही वाटलं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. त्रेपन्न वर्षांच्या माणसाची छाती विशीतल्या पोरासारखी निघत नाही. पण आपल्याला वाटतं म्हणून आकडा बदलता येत नाही. ज्या घरात माणूस मेला त्या घराने तसं सांगायला हवं.

"सांगितलं तर दवाखाना राहील?" तिने विचारलं.

"बऱ्याच घरांनी सांगितलं तर तक्ता उलटा होईल. मग कुणाची हिंमत आहे हलवायची? पण एक-दोन घरांनी काही होत नाही, ताई. आणि यादी खाणीच्या कचेरीची आहे. नाव खोडलं की त्यांना कळणार. ते मला लपवता येणार नाही."

तक्ते वर पाठवणं त्यांनी आठवडाभर लांबवलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

मोजणीबाई पुन्हा घरोघर फिरली. या वेळी हातात कागद नव्हते. दारं उघडली, पाणी दिलं गेलं, आणि ती कशासाठी आली हे कळल्यावर गप्पा थांबल्या. एकीने सांगितलं, आमच्यांचा तर परवाच निरोप आला, मजेत आहेत. त्या माणसाला गावी नेण्यासाठी गाडीत चढवताना मोजणीबाईने स्वतः त्याच्या पायांना हात दिला होता. एका घरात म्हातारीने तिला बाहेर ओट्यावर नेलं आणि हळूच म्हणाली, सुनेला आणि नातवंडांना घेऊन मी कुठे जाऊ ते तू सांग, मग मी तू म्हणशील ते सांगते. मोजणीबाई ओट्यावरून उतरून पुढच्या दाराकडे वळली.

शेवटी ती समोरच्या काकूंकडे आली. काकूंचा नवरा दोन वर्षं गावीच होता. भाचा त्याचा बिल्ला लावत होता आणि तोही आता खोकत होता. काकूंनी तिला बसही म्हटलं नाही.

"तुला कचेरीचं काम आहे, तू उद्या दुसरीकडे जाशील. आम्ही?"

"काकू, तुमचा भाचा रात्रभर खोकतो. मला समोर ऐकू येतं."

"मलाही येतं. मी त्याच्या शेजारीच झोपते." काकू म्हणाल्या, "आधी तुझा वकील मार. मग माझ्या म्हाताऱ्याला मारायला ये."

मोजणीबाई परत आली.

पोराशी तिचं भांडण झालं ते सबंध गल्लीने ऐकलं असेल. खोली जाईल, लोक हसतील, आणि एवढं करून बापाला कुठे परत मिळणार आहे, असं तो म्हणत होता. ती म्हणत होती, कुणीतरी पहिलं बोललं की बाकीच्या बोलतील. तो म्हणाला, "आई, तू या लोकांना कागदावर ओळखतेस." हे तिला फार लागलं. तिने त्याला जेवायला वाढलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. जरा वेळाने तोच म्हणाला, तुला पटतंय तर कर, मी माझं पाहीन. त्याच्या आवाजात बापाचा हट्ट होता, पण बापाएवढा दम नव्हता.

सकाळी ती कचेरीत गेली. साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली, ती बसली नाही.

"लिहा," ती म्हणाली. "मागच्या थंडीत. छातीनं."

"नक्की ना, ताई? पुन्हा विचार करा हवं तर."

"ते मेले तेव्हा मी उशाशी होते, साहेब. अजून किती नक्की हवं?"

साहेबांनी नाव खोडलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं. ती आठवडाभर वाट पाहत राहिली. येता-जाता ती कचेरीच्या बाकाकडे नजर टाकी, कुणी बसलंय का ते पाही. बाक रिकामाच असे. आठवडा संपला तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं आणि तिच्यासमोर सगळी बेरीज पुन्हा केली. तक्त्यातला शेवटचा आकडा जिथे होता तिथेच राहिला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून टेबलावर उपडा घातला.

"एवढ्या मोठ्या वस्तीत एक माणूस," ते म्हणाले, "आमच्या हिशेबात दिसतच नाही."

ती बरं म्हणाली. एवढ्या दुरून तुम्ही तरी काय करणार, असंही म्हणाली. साहेबांना ते बोलणं सहन झालं नसावं. ते तिला फाटकापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी विचारलं, पुढची पाहणी धरणाच्या कामावर आहे, याल का? ती म्हणाली, येईन. तिलाही कुठेतरी राहायचं होतं.

मुकादम बिल्ला घ्यायला स्वतः आला. पोराने शर्टाचा काढून दिला. मुकादमाने तो उलटापालटा करून पाहिला आणि खिशात टाकला. वकील गेल्याचं मला आधी कळवायला हवं होतं, असं तो जरा मोठ्याने म्हणाला, बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून. मग आवाज उतरवून त्याने सांगितलं, की पोराला तो रोजंदारीवर ठेवून घेईल आणि एकट्या गड्यांच्या लांब खोलीत एक जागा देईल. खोली मात्र शनिवारपर्यंत सोडा.

शनिवारी तिने भांडी एका पोत्यात भरली. अंथरुणं गुंडाळली. भिंतीतले खिळे काढू की नको, याचा विचार करत उभी होती, तेवढ्यात काकू आत आल्या. रिकाम्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या मागून ती निरोपवाली आली. मग सुनेचा हात धरून म्हातारी. मग गल्लीतल्या आणखी. कुणाला बोलावलं नव्हतं. खोली भरली तशा दारात बसल्या.

मोजणीबाईला आधी वाटलं, निरोप द्यायला आल्या. मग काकूंनी विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का गं त्यांना?"

जणू वकील सकाळी गेला होता.

तिने हातातला खिळा खाली ठेवला आणि बसली. सांगायला लागली. आडवं झोपता येत नव्हतं, बसून रात्र काढायचे. बोललं की धाप लागायची, तरी गप्प बसायचे नाहीत. शेवटच्या दिवशी पाणी कोमट का दिलं म्हणून भांडले. गार दिलं तर तेही नको. ते ऐकून दोघी-तिघी हसल्या, म्हणाल्या, वकीलच तो. आणि हसता हसता काकूंचा आवाज फाटला.

वकिलाशी काकूंचं कधी पटलं नव्हतं. नळावरून दोघं कितीदा भांडले होते. त्या आता गुडघ्यांत डोकं घालून अशा रडत होत्या, की शेजारणीला त्यांची पाठ धरावी लागली. मग ती शेजारीणही रडू लागली. म्हातारी सुनेच्या गळ्यात पडली. दारातल्या बायकांनी पदर तोंडात धरले, पण तेवढ्याने आवाज आवरेना. वकिलाचं नाव घेऊन सगळ्या रडत होत्या. दुसरं कुठलं नाव घेता येत नव्हतं.

मोजणीबाई वर्षभर रडली नव्हती. ती काकूंच्या शेजारी सरकली.

बाहेर पाळी सुटली होती. धुळीने पांढरी झालेली पोरं गल्लीत शिरली आणि आवाज ऐकून एकेक करत थांबली. त्यांच्या मागे मुकादम होता. तो दारासमोर आला, आत कोण कोण बसलंय ते त्याने पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि कुणाला काही न विचारता पुढे निघून गेला.