खांद्यातली सुई

उपांत्य सामन्याला अर्धा तास उरला होता आणि कपडे बदलण्याच्या खोलीत डॉक्टर वेदनाशामक इंजेक्शन भरून उभे होते. लेकीचा उजवा खांदा सुजला होता. एके काळी स्वतः व्यावसायिक टेनिस खेळलेल्या बापाने तिला निक्षून सांगितले, "सामना सोडून दे. अशाच सुया टोचून घेत मी खेळलो आणि हाताची पार वाट लावून घेतली. आज शर्टाची बटणंसुद्धा तुझी आई लावते."

"आणि लावता लावता चार शब्द सुनावते, तेही ठाऊक आहे," लेक हसली. मग गंभीर झाली. "पण बाबा, सुई घेतलीत म्हणूनच तुम्ही ती स्पर्धा जिंकलात. आयुष्यातली एकुलती एक. खरं सांगा, पस्तावलात कधी?"

नुसते 'हो' म्हटले असते, तर पोरीचा हात वाचला असता. त्याने तोंड उघडलेही; पण खचाखच भरलेले ते मैदान आणि डोक्यावर उचललेला तो करंडक डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि 'हो' म्हणण्याआधीच ओठांवर हसू आले.

लेकीने ते हसू पाहिले.

"कळलं," ती म्हणाली आणि डॉक्टरांपुढे बाही वर केली.