नाकाला हात

"चाल आता. सावकाश, जोर देऊन," मिस्त्रींनी सांगितलं, आणि त्यांची बायको अनवाणी पायांनी चिपबोर्डच्या जुन्या लाकडी जमिनीवर चालू लागली. दोन पावलांवर तिने नाकाला हात लावला. मिस्त्रींनी तिथे पेन्सिलीने फुली मारली.

नाकाला हात म्हणजे जमीन वाजली. तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींचे कान गेले, तेव्हापासूनची ही खूण. मोठ्याने बोललेलं त्यांना कळे, बाकीचं ते ओठांवरून ओळखत. पण लाकडाची कुरकुर कुठल्या ओठांवरून ओळखणार? बहिऱ्या सुताराला काम कोण देणार, या धास्तीने त्यांनी हे जगापासून लपवलं होतं. गिऱ्हाइकांना वाटे, काकू डबा घेऊन येतात आणि वेळ जात नाही म्हणून येरझाऱ्या घालतात.

या घरची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "माझं बाळ एवढ्याशा आवाजानं उठतं हो. ही खोली गप्प करून दाखवा, मग वरच्या दोन्ही खोल्या तुमच्याच." अशी सलग कामं मिस्त्रींना अलीकडे मिळत नव्हती.

जिथे फुली, तिथे चिपबोर्ड खालच्या तुळईला स्क्रूने आवळायचा आणि सगळं मुकं झालं की वर प्लाय. कुरकुर आधी मारली नाही, तर ती प्लायखालून जन्मभर बोलत राहते. पण सकाळी प्लाय कापल्याचा भुसा खोलीभर उडत होता, आणि काकूंचं नाक खरोखरच खाजायला लागलं. दोनदा उगाच फुली पडल्यावर त्यांनी हातवारे करून सांगितलं, ही नुसती खाज. पुढे खिडकीपाशी जमीन खरंच वाजली आणि हात नाकाकडे गेला, तेव्हा पुन्हा खाजच असणार म्हणून मिस्त्री समजूतदारपणे हसले आणि पुढे सरकले. फुली पडली असं समजून काकूही पुढे गेल्या.

दुपारपर्यंत प्लाय बसला. प्लायचे सांधे खालच्या चिपबोर्डच्या सांध्यांवर आले नव्हते, स्क्रूंच्या ओळी सरळ होत्या. मिस्त्री स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन बाई आली.

"या, या! नाचलात तरी चालेल!"

ती खिडकीपाशी गेली. कर्रर्र! बाळाने भोकाड पसरलं.

"बघा, चकार शब्द काढत नाही जमीन," मिस्त्री कौतुकाने म्हणाले. "बाळाला भूक लागलेली दिसतेय."

बाई चक्रावून त्यांच्याकडे बघत राहिली. काकूंना वाटलं, बोलावं तर नवऱ्याचं गुपित फुटणार, गप्प बसावं तर वाजणारं काम त्याच्या नावावर राहणार. आयुष्यात त्याने असं काम कुणाच्या घरात सोडलं नव्हतं.

"अहो, वाजतंय!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "खिडकीपाशी. माझंच चुकलं."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. ते खाली बसले, पहिला स्क्रू काढला आणि वर न बघता म्हणाले, "बाई, मला ऐकू येत नाही. हात माझे, कान हिचे. हे नीट करून देतो, मग नको म्हणालात तरी चालेल."

बाई त्यांच्यासमोर बसली, ओठ दिसतील अशी. "वरच्या खोल्यांना दोघंही या," ती म्हणाली. "आणि काकू, आता मोकळेपणानं सांगा की त्यांना!"

मिस्त्रींनी मान डोलावली. प्लायचा तुकडा उचलून झाल्यावर काकू खिडकीपाशी गेल्या, पाय दाबला आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "इथे!"

मिस्त्रींना ते पहिल्याच हाकेत ऐकू आलं.